भागोजी नाईक : सरकारचा पहारेकरी, सरकारचा शत्रू

राज्य कोणाचेही असो, त्याला दोन काळज्या नेहमीच लागलेल्या असतात. सीमेपलीकडच्या सत्तेचा हात आपल्या मुलखात शिरला आहे काय, ही पहिली; आणि मुलखातला हिंसक गुन्हेगार हाताबाहेर जात आहे काय, ही दुसरी. शांततेच्या दिवसांत या दोन्ही काळज्यांची दफ्तरे वेगवेगळी असतात. भीतीचे दिवस आले म्हणजे मात्र ती एकत्र बांधली जातात, आणि मग ज्याचे गाऱ्हाणे धड पहिल्या दफ्तरात बसत नाही आणि धड दुसऱ्यातही बसत नाही, अशा माणसाचा कागद कोठे ठेवावयाचा हे कोणालाच कळेनासे होते. १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, १९९९ चा महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये झालेली राष्ट्रीय तपास यंत्रणेची स्थापना आणि २०२५ च्या जुलैत राज्य विधिमंडळाने संमत केलेले विशेष जनसुरक्षा विधेयक, या प्रत्येक वेळी आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यत: कलमांची. ती आवश्यकच होती. तथापि कलमे लिहिली जाण्यापूर्वी, एका दिवसात, एका टेकडीच्या पायथ्याशी सरकार काय निर्णय घेते यावरही पुष्कळ काही अवलंबून असते. त्याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ते सिन्नर तालुक्यातच घडलेले आहे.

नाशिकहून पुण्याकडे निघालेला प्रवासी सिन्नर सोडून संगमनेरच्या दिशेने लागला म्हणजे वाटेत नांदूर शिंगोटे हे गाव लागते. आज हे गाव नाशिक जिल्ह्यात असले तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सिन्नरचा सारा टापू अहमदनगर जिल्ह्यात मोडत असे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. म्हणून या प्रकरणात नगरचे पोलीस आणि नगरचे अधिकारी वारंवार येतात, याचे वाचकांनी नवल मानू नये. याच नांदूर शिंगोट्याचे भिल्ल नाईक म्हणजे भागोजी नाईक. १८५७ च्या ऑक्टोबरापासून १८५९ च्या नोव्हेंबरापर्यंत, म्हणजे दिल्ली पडली, झाशी पडली, राणीचा जाहीरनामा निघाला, तरीही सिन्नर, अकोले, संगमनेर आणि कोपरगाव या टापूत कंपनीच्या आणि नंतर राणीच्या सरकारला त्यांनी स्वस्थ झोपू दिले नाही. उत्तरेतल्या नामवंतांच्या मानाने त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते. पण गोदा आणि प्रवरेच्या खोऱ्यांत ते आजही माहीत नाही असे गाव विरळा.

भागोजींच्या बंडाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ते रानातून आलेले नव्हते. ते पोलिसांतून आले होते. अहमदनगरच्या पोलीस दलात ते अधिकारी होते. ही काही एकट्या भागोजींची नवलाई नव्हे. डोंगरघाटांची राखण करावयाची, वाटसरूंना सुरक्षित पोचवावयाचे, चोरी झाली तर माग काढावयाचा, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या भिल्ल, कोळी आणि रामोशी यांच्याकडे असत, आणि त्याबद्दल गावाकडून आणि सरकारातून त्यांचे ठराविक हक्क त्यांना पोचत. उत्तर पेशवाईत ही घडी पार विसकटली. हक्क बुडाले, दुष्काळ आणि होळकरी धामधूम यांनी मुलूख ओस पडला, आणि राखणदारच लुटारू झाले. त्यावर पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी जो इलाज केला तो आठवला की आजही मान खाली जाते. कोपरगावी भिल्लांना विश्वासाने जमवून त्यांची कत्तल करण्यात आली आणि प्रेते विहिरींत टाकण्यात आली. परक्या राज्याने जुलूम केला आणि स्वकीयांच्या राज्यात सारे सुखी होते, असे ज्यांना मांडावयाचे असेल त्यांनी कोपरगावच्या विहिरी विसरू नयेत.

१८१८ नंतर इंग्रज आले. त्यांनी प्रारंभी तोच मार्ग चोखाळला आणि तो चालेना तेव्हा दुसरा काढला. खानदेशात १८२५ मध्ये औट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली आणि ज्यांच्यापासून भय होते त्यांच्याच हाती पहारा दिला. धोरण शहाणपणाचे होते, आणि बरेचसे यशस्वीही झाले. पण त्यात एक उणीव राहून गेली. नोकरी देताना जो विश्वास दाखविला जाई तो नोकरीत काही बिनसले की तत्काळ नाहीसा होई, आणि मग कालचा जमादार आज जन्मजात दरोडेखोर ठरे. पुरंदरच्या उमाजी नाइकाला सरकारने माफी देऊन चाकरीत घेतले, आणि त्याच उमाजीला पुढे १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिले. अकोल्याच्या डोंगरातील राघोजी भांगरे याचा बाप सरकारी पोलिसांत जमादार होता. राघोजीला १८४८ मध्ये ठाण्यात फाशी झाली. त्या मालिकेतले तिसरे नाव भागोजी नाईक यांचे.

१८५५ मध्ये दंगा करणे आणि पोलिसांना अटकाव करणे या आरोपांवरून भागोजींना शिक्षा झाली. त्या दंग्याचे मूळ कशात होते, हे ठरविण्यास सरकारी दफ्तराखेरीज दुसरा आधार उरलेला नाही, आणि ते दफ्तर या बाबतीत फारसे बोलत नाही. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्यांच्याकडून घेण्यात आला. ते वर्षही पार पडले. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने भागोजी नाईक यांच्याकडे आता सरकारचे काही येणे राहिले नव्हते. उलट त्यांच्या मते सरकारकडेच त्यांचे येणे होते.

आणि नेमके याच सुमारास १८५७ साल उजाडले. मे महिन्यात मीरतेत पेटलेला वणवा दक्षिणेत पोचू नये म्हणून मुंबई सरकारची जी धडपड चालली होती तिच्यात एक हुकूम सार्वत्रिक नि:शस्त्रीकरणाचा होता. ज्याच्याकडे हत्यार असेल त्याने ते आणून द्यावे. पुण्यामुंबईच्या सुखवस्तू गृहस्थाला या हुकमाचा फारसा जाच होण्याचे कारण नव्हते. भिल्ल नाइकाच्या दृष्टीने मात्र तलवार, तीरकमठा आणि तोड्याची बंदूक ही नुसती हत्यारे नव्हती. ती त्याच्या पेशाची खूण होती, गावात त्याला जे स्थान होते त्याची सनदच होती. नोकरी गेली होती, तुरुंगाचा डाग लागला होता, आणि आता हत्यारही ठेवावयाचे होते. भागोजींनी गाव सोडले. त्यांचा दरारा आणि लौकिक असा की थोड्याच दिवसांत पन्नासएक भिल्ल त्यांना येऊन मिळाले. गावापासून मैलभर अंतरावर, पुणे-नाशिक रस्ता जेथून टप्प्यात येतो अशा टेकडीवर ते ठाण मांडून बसले.

४ ऑक्टोबर १८५७ हा तो दिवस. पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोट्याला येऊन पोचला. त्याच्याबरोबर त्याचे साहाय्यक आणि पोलीस व महसूल खात्याचे मिळून सुमारे पन्नास शिपाई होते. हेन्रीने आरंभी जे केले ते रीतसरच होते. सिन्नर आणि अकोले येथील मामलेदारांना त्याने सांगितले, की भागोजीला बोलावून घ्या आणि समजूत घालून शरण आणा. त्याच दिवशी भागोजींची दोन माणसे निरोप घेऊन आली. दोन वर्षांचा पगार मिळावा आणि आपली काही तरी व्यवस्था लावून द्यावी, त्यावाचून हत्यारे खाली ठेवणार नाही, असा त्या निरोपाचा आशय होता. हा निरोप मिळताच हेन्रीने टेकडीवर चाल करण्याचा हुकूम दिला. झुडपांआडून गोळ्या आल्या. हेन्री मारला गेला. त्याच्या मागून साहाय्यकाने हल्ला चालू ठेवला, पण भागोजी आपली माणसे घेऊन निसटले.

या प्रसंगाचे वर्णन पुढे सरकारी ग्रंथांत झाले ते बंडखोर टोळीचा पोलीस अधिकाऱ्यावरील हल्ला म्हणून. आमच्याकडे अलीकडे त्याचे वर्णन होते ते क्रांतिवीराने इंग्रज अधिकाऱ्याला टिपल्याचे. दोन्ही वर्णनांत तो निरोप गळतो. वस्तुत: साऱ्या प्रकरणाचा गाभा त्या निरोपातच आहे. त्यात पेशव्यांचे नाव नाही, बादशहाचे नाव नाही, धर्माची हाक नाही. एक बडतर्फ नोकर आपल्या थकलेल्या पगाराविषयी आणि पुढच्या पोटापाण्याविषयी बोलत आहे. अर्थात हातात बंदूक धरून बोलत आहे, आणि रहदारीचा रस्ता अडवून बोलत आहे. कोणतेही सरकार अशा मागणीपुढे उभ्या पायावर मान तुकवू शकणार नाही, हेही तितकेच खरे. परंतु मान तुकविणे आणि चाल करणे यांच्यामध्ये आणखी बऱ्याच पायऱ्या असतात. मामलेदार हाताशी होते. टेकडीला वेढा घालून दोन दिवस थांबता आले असते. नगरहून कुमक मागविता आली असती. हेन्री भ्याड नव्हता, उतावळा होता. आणि त्याला उतावळे केले ते त्या वर्षाने. मीरत आणि कानपूरच्या बातम्या ज्याच्या कानात घुमत आहेत त्याला टेकडीवरचा नाईक पगार मागणारा माणूस म्हणून दिसतच नाही. त्याला तो मोठ्या कटाचा एक धागा दिसतो.

असा मोठा कट होता काय? सरकारचे भय सर्वस्वी काल्पनिक होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पूर्वेकडे निजामाची हद्द लागून होती आणि तिकडून रोहिले व अरब यांच्या टोळ्या कंपनीच्या मुलखात उतरत होत्या. १८५८ च्या जानेवारीत नांदगावच्या बाजूला भिल्ल, रोहिले आणि अरब यांच्या संयुक्त जमावावर कॅप्टन मॉण्टगोमेरीने केलेला हल्ला फसला आणि तो स्वत: गंभीर जखमी झाला. त्यापूर्वी, डिसेंबर १८५७ च्या आरंभी, त्र्यंबकेश्वरी भिल्ल आणि ठाकर यांचा उठाव झाला होता. पेठच्या संस्थानात भगवंतराव यांच्यावर नानासाहेबांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून त्यांना फासावर चढविण्यात आले. म्हणजे हद्दीपलीकडचा माणूस, पदच्युत पेशव्याचे नाव आणि डोंगरातला असंतोष ही तिन्ही एका जिल्ह्याच्या परिघात एकाच हंगामात हजर होती. अशा वेळी सरकारने सावध राहू नये, असे कोण म्हणेल? प्रश्न सावधपणाचा नाही, भेद ओळखण्याचा आहे. रोहिल्यांची टोळी पगार मागत नव्हती. भागोजी मागत होते. दोघांना एकच उत्तर मिळाले, आणि त्यामुळे जे वेगळे होते ते पुढे एकच होण्याच्या मार्गाला लागले.

हेन्री पडल्याची बातमी फुटताच भिल्लांच्या वाड्यावाड्यांतून चलबिचल झाली. राहुरीकडे पाथरजी नाइकाने शंभरावर माणसे जमविली. ती लौकरच पांगविण्यात आली. १८ ऑक्टोबरला अकोल्याच्या डोंगरांत शमशेरपूरजवळ पलटणीची आणि पोलिसांची भिल्लांशी गाठ पडली, तीत दोन इंग्रज अधिकारी जखमी झाले. लष्कराला हे रान मानवेना. कवाईत करीत चालणारी पलटण टेकडीवर पोचेपर्यंत भिल्ल पलीकडच्या दरीत उतरलेले असत.

तेव्हा सरकारने जी युक्ती योजिली ती त्याच्या राजकीय कौशल्याची साक्ष देते. नैतिक मूल्यमापन ज्याचे त्याने करावे. कॅप्टन नटॉल याने भिल्लांचे पिढीजाद प्रतिस्पर्धी जे महादेव कोळी त्यांची पलटण उभारली. डिसेंबर १८५७ मध्ये ११० माणसे आपापल्या तलवारी-बंदुका घेऊन हजर झाली. पुढे ही संख्या ६०० पर्यंत नेण्यात आली. बांबळे कुळाचे जावजी नाईक तिचे प्रमुख झाले. आणि आश्चर्य म्हणजे नऊ वर्षांपूर्वी ज्याला फासावर लटकविले त्या राघोजी भांगऱ्याच्या भावाला याच पलटणीत अधिकारपद देण्यात आले. गडद हिरवी पागोटी, हिरव्या बंड्या, गुडघ्यापर्यंतचे धोतर आणि पायांत वहाणा असा या शिपायांचा वेष होता. तंबू नाही, बाजारबुणगे नाहीत. ज्याचे अन्न त्याच्याच पाठीवर. दिवसाला तीस-चाळीस मैलांची मजल ते डोंगरवाटांनी मारीत आणि मुक्कामाला पोचताच आधी बंदूक पुसून ठेवीत. भागोजींना हत्यार टाकावयास सांगणाऱ्या सरकारनेच शेजारच्या डोंगरातील माणसांच्या हाती हत्यार दिले. म्हणजे डोंगरी माणसाला शस्त्र आणि मान मिळाला तर तो विश्वासू राहतो, हे सरकारला ठाऊक होते. नांदूर शिंगोट्याच्या टेकडीखाली मात्र ते आठवले नाही.

१८५८ सालातील हालचालींविषयी येथे विस्तार करीत नाही. १८५९ च्या उन्हाळ्यात भागोजी नाईक आणि हरजी नाईक पुन्हा उघडपणे बाहेर पडले. ५ जुलै रोजी तीस मैलांची मजल मारून नटॉलने संगमनेरच्या आग्नेयेस आंभोरा दऱ्यात त्यांना गाठले. दहा भिल्ल पडले. त्यांत भागोजींचा मुलगा यशवंत होता. हरजी नाईक कैद झाले. मुलगा गेला, जोडीदार गेला, आणि ज्या मोठ्या बंडाच्या झुळकेने आशा वाटत होती तेही उत्तरेत विझून गेले होते. या टप्प्यावर दुसरा कोणी शरण गेला असता. पण ज्याने दोन वर्षांपूर्वी निरोप पाठवून उत्तरात गोळी पाहिली, त्याला शरणागतीचा भरवसा कोठून वाटावा?

२६ ऑक्टोबरला भागोजींच्या टोळीने कोपरगाव तालुक्यातील कोऱ्हाळे हे गाव लुटले आणि सुमारे १८,००० रुपयांचा ऐवज नेला. त्या काळचे अठरा हजार म्हणजे लहान रक्कम नव्हे. हा प्रसंग आमचे चरित्रकार घाईने उरकतात किंवा सावकारांना धडा शिकविल्याचे सांगून मोकळे होतात. लुटले गेलेले घर सावकाराचे असले तरी ते या मुलखातल्याच माणसाचे होते, आणि दोन वर्षे चाललेल्या या धावपळीत दोन्हीकडून भरडली गेली ती मधली गावे. टोळीला भाकरी द्यावी तर पोलीस विचारणार, न द्यावी तर टोळी विचारणार. भागोजींचे मोठेपण मान्य करण्यासाठी कोऱ्हाळ्याची लूट पुसून टाकण्याची गरज नाही. पगार मागणाऱ्या माणसाचे लुटारूत रूपांतर व्हावयास दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत त्याला परतीची वाट दाखविणारा कोणी भेटला नाही, एवढेच त्यातून दिसते.

कोऱ्हाळ्यानंतर पाठलागाला जोर चढला. नटॉलचे कोळी त्यांच्या मागावर सह्याद्री चढले, कोकणात उतरले आणि पुन्हा वर आले, पण गाठ पडेना. अखेर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी नगरचा पोलीस अधीक्षक फ्रँक सौटर याला ते सापडले, आणि सापडले ते सिन्नर तालुक्यातच, तालुक्याच्या पूर्व अंगाला पंचाळ्याच्या दक्षिणेस मिठसागरे येथे, झाडांनी झाकलेल्या एका खोल ओघळीत. सौटरपाशी दीडशेवर पायी पोलीस आणि काही घोडेस्वार होते. भागोजींपाशी पन्नासच्या आतबाहेर माणसे. लढाई हातघाईवर आली. भिल्लांनी पाठ दाखविली नाही. भागोजी नाईक पडले आणि त्यांच्याबरोबर बहुतेक सारे साथीदार पडले. जिवंत हाती लागले ते मोजके, तेही जखमी.

हे सारे आपल्याला कळते ते जिंकणाऱ्यांच्या कागदांवरून. हेन्रीचा हुकूम, भिल्लांचा निरोप, कोळ्यांच्या पागोट्यांचा रंग, लुटीचा आकडा, सारे काही लिहून ठेवणाऱ्या त्या सरकारने भागोजींच्या थकलेल्या पगाराचा दावा खरा की खोटा याची चौकशी केल्याचे त्या हकिकतीत कोठे दिसत नाही. त्यांच्यावरील दोषारोपाचा हिशेब पुरा आहे. त्यांच्या येण्याचा नाही. स्वतंत्र भारताच्या पोलिसाला आणि मामलेदाराला आज जे कायदे हाताशी आहेत ते हेन्रीच्या हाती असलेल्या अधिकारांहून कमी कडक आहेत असे नाही. फरक आहे तो इतकाच, की आजच्या कायद्याखाली पकडलेल्याला न्यायालयाचे दार आहे आणि पकडणाऱ्याला विधिमंडळात जाब विचारता येतो. ही दारे जितकी अरुंद होतील तितके आपण १८५७ च्या ऑक्टोबरच्या जवळ सरकू. परक्या सत्तेचा खरा हस्तक आणि खराखुरा खुनी दरोडेखोर यांना पकडावयाचे तर गावाने खबर द्यावी लागते, नाइकाने माग काढून द्यावा लागतो. ज्या सरकारने आपल्याच पहारेकऱ्यांना शत्रूच्या यादीत घातले त्याला ही खबर कोण देणार? मुंबई सरकारला ती मिळाली, कारण त्याच्यापाशी कोळ्यांची पलटण होती. म्हणजे एका डोंगराची खबर त्याने दुसऱ्या डोंगराकडून विकत घेतली. स्वराज्यात हा व्यवहार करता येत नाही, आणि करूही नये.

पुढची हकिकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मिठसागऱ्याच्या लढाईचा नायक सौटर १८६४ मध्ये मुंबई शहराचा पोलीस कमिशनर झाला, त्याला सर ही पदवी मिळाली आणि १८८८ पर्यंत तो त्या जागेवर राहिला. कोळ्यांची पलटण मार्च १८६१ मध्ये मोडण्यात आली. थोडे शिपाई पोलिसांत घेतले गेले. बाकीच्यांनी हिरवी पागोटी उतरवून ठेवली आणि ते आपापल्या नाचणी-वरईच्या शेतांकडे परतले. पलटण उभारण्याचा निर्णय किती शहाणपणाचा ठरला, यावर सरकारी ग्रंथकाराने समाधान व्यक्त केले आहे. बारा वर्षांनी, १८७३ मध्ये, त्याच डोंगरांत होन्या केंगले या कोळ्याने सावकारांविरुद्ध बंड पुकारले, आणि त्याला धरण्यासाठी सरकारला पुन्हा तीन वर्षे त्याच घाटवाटा तुडवाव्या लागल्या.